थोरलीचा फ्यूज कोणाकडे?

परभणीच्या आमच्या बियाणे केंद्रात संगणकाच्या दोन मशिनी आल्या, तेव्हा हमालांच्या आधी मीच टेम्पोत चढले आणि साहेबांची बोलणी खाल्ली. हमाल मंडळी खोकी पोत्यासारखी पाठीवर घ्यायच्या बेतात होती. "ज्वारी न्हाई ती, काच हाय," असं मी वरून दटावल्यावर मुकादमानं पहिलं खोकं इतकं अलगद उतरवलं, की रागावता रागावता साहेबसुद्धा हसले. माझा स्वभाव तापट आहे. माहेरी पेडगावला आई म्हणायची, हिच्या तोंडाला लागण्यापेक्षा म्हशीच्या शिंगाला लागलेलं बरं. त्या स्वभावाचा मला पुढे पुष्कळ तोटा झाला, पण मशिनी त्या दिवशी धडधाकट उतरल्या.

नव्वद साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. केंद्रात शेतकरी कच्चं बियाणं घेऊन यायचे. ज्वारी, मूग, तूर, कापूस. प्रयोगशाळेत नमुन्याची उगवण तपासायची, निकाल मशीनमध्ये भरायचा, आणि मशीन सांगेल तसं लेबल छापून पोत्याच्या तोंडाशी शिवायचं, असा सगळा खाक्या. लेबल नाही तर पोतं फाटकाबाहेर नाही. मृगाच्या आधी आमच्या आवारात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची अशी दाटी व्हायची की मला खोलीपर्यंत बैलांच्या परवानगीनं जावं लागे. त्या वेळी मशीन बंद पडली तर काय व्हायचं ते मी जुन्या एकट्या मशीनवर दोन उन्हाळे भोगलं होतं. खिडकीतून माणसं आत बघत राहायची. कोणी काही बोलायचं नाही, आणि तेच जास्त लागायचं.

म्हणून मुख्य कार्यालयानं जोडी पाठवली. एक बंद पडली की दुसरीनं काम उचलायचं. आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला लागलो. दोघींच्या मध्ये एक लोखंडी डबा, त्यात तबकड्या, आणि तबकड्यांवर केंद्राचा सगळा कारभार. डबा एकच, पण दोघींच्या वायरी त्याला जोडलेल्या. वाटण्या झालेल्या भावांची विहीर जशी सामाईक राहते, तसा हा सामाईक.

जोडीबरोबर दोन सॉफ्टवेअर आली होती, दोन वेगळ्या कंपन्यांची. एकाचं काम सामाईक डबा सांभाळायचं. थोरली एखाद्या फाइलीत लिहीत असली की ते त्या फाइलीला तिच्या नावाचं कुलूप लावायचं, म्हणजे धाकटीनं मध्येच हात घालू नये. दुसऱ्याचं काम पहारा ठेवायचं. दोघींमध्ये एक बारीक तार होती, तिच्यावरून त्या सारख्या एकमेकींना 'मी आहे, मी आहे' असं कळवत राहायच्या. एकीचा आवाज थांबला की पहारेकऱ्यानं समजायचं, ती गेली, आणि दुसरीनं काम हाती घ्यायचं. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या जागी गुणाची होती. फक्त त्यांचा एकमेकांशी बोलण्याचा संबंध नव्हता. तो जमवून द्यायला औरंगाबादहून एक इंजिनिअर यायचा. मूळचा पुण्याचा, हसरा, कपाळावर केसांची झुलपं असलेला पोरगेला माणूस. तो मला मॅडम म्हणायचा आणि मी त्याला 'अहो इंजिनिअर' म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात वीज कडाडली आणि थोरली गेली. धाकटी तयारीत उभी राहिली, आणि उभीच राहिली. एकही फाइल उघडेना. बराच वेळ डोकं खाजवल्यावर घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. थोरली मेली हे पहारेकऱ्याला कळलं होतं, डबा सांभाळणाऱ्याला नव्हतं. सगळी कुलपं थोरलीच्या नावावर तशीच लागलेली. मोठी जाऊ किल्ल्या कमरेला लावून माहेरी गेली, आणि धाकटी कोठीच्या दारात परात घेऊन उभी, तसली गत.

इंजिनिअरनं त्यावर झटक्यात तोडगा काढला. आवाज थांबला की पहारेकऱ्यानं डब्याकडे निरोप धाडायचा, डब्यानं गप्प झालेलीची सगळी कुलपं तोडायची. चालवून बघितलं, चाललं. साहेबांनी पेढे मागवले. मीही खाल्ले, आणि दोन घरी नेले.

घरी म्हणजे मास्तर आणि आमची मुलगी. माझे यजमान पिंगळीच्या शाळेत शिकवायचे, रोज पॅसेंजरनं जायचे-यायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं म्हणून मीही म्हणते. मुलगी बालवाडीत होती. तिला सकाळी मी सोडायची आणि संध्याकाळी मास्तर आणायचे, असं आमचं गाडं बरं चाललं होतं. मला माझ्या गावाजवळ, माझ्या शिक्षणाचं काम मिळालं होतं. असं नशीब त्या काळी आमच्या भागात किती बायकांचं होतं? म्हणून ते मी मुठीत घट्ट धरून बसले होते.

मग उंदीर आला.

बियाण्याच्या केंद्रात उंदीर असायचेच. ते पोती सोडून आमच्या तारेला का लागले, ते त्यांनाच ठाऊक. दोघींमधली ती बारीक तार त्यानं कुरतडली. आता नीट बघा काय झालं. थोरली जिवंत, धाकटी जिवंत. दोघींना एकमेकींचा आवाज ऐकू येईना. थोरलीला वाटलं धाकटी गेली, धाकटीला वाटलं थोरली गेली. दोघींनी एकमेकींची कुलपं तोडली आणि एकाच डब्यात, एकाच जागी, दोघी जोमानं लिहायला लागल्या. काही बंद पडलं नाही, घंटी वाजली नाही, छपाई तर कधी नव्हे इतकी जोरात चालली. मी खुशीत होते. लेबलांचा गठ्ठा उचलला आणि सहज वाचला, तर मुगाच्या पोत्याला कापसाच्या वाणाचं नाव, आणि तुरीची उगवण ज्वारीच्या खात्यात. मी धावत जाऊन फाटक बंद करायला लावलं. शिवलेली पोती परत उसवली. प्रयोगशाळेनं सगळे निकाल नव्यानं भरून दिले. शेतकरी दोन दिवस आवारातच झोपले, आणि त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला निघताना विचारलं, "बाई, एवढी हुशार मशीन, अन् तिला मूग वळखू येईना?"

मुख्य कार्यालयाला कळायचं ते कळलंच. साहेबांनी मला आणि इंजिनिअरला समोर बसवलं आणि सांगितलं, की पुढच्या उन्हाळ्यात, मृगाच्या गर्दीआधी मोठे साहेब स्वतः येऊन बघणार. तोवर जोडी भरवशानं चालली तर ठीक. नाहीतर मशिनी औरंगाबादला हलवायच्या, इथून नुसते कागद जातील. "आणि मशीन जाईल तिकडे तुमची जागाही जाईल," साहेब म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. पण माझा राग काही आवरला नाही. "मला परभणी सोडायची न्हाई," मी म्हणाले, "हे आत्ताच सांगून ठेवते." ते म्हणाले, मग मशीन नीट चालवा.

त्या दिवसापासून वर्षभर मी तेच एक वाक्य सगळ्यांना ऐकवलं. मास्तरांना, शेजारणीला, इंजिनिअरला, बालवाडीच्या बाईंना. मुलीनं तर पाठच केलं. कोणी घरी आलं की ती आपणहून सांगायची, "आमची आई परभणी सोडणार न्हाई."

पण मार्ग काही सुचेना. इंजिनिअर म्हणे, एकाऐवजी दोन तारा टाकू. मी म्हटलं, उंदीर काय एकटाच आहे? तो म्हणे, तार नळीतून नेऊ. नेली. पण तार तुटली नाही तरी आवाज थांबायला कारणं पुष्कळ होती. थोरली कामात फार गुंतली की तिला मध्येच 'मी आहे' म्हणायला सवड होत नसे. गप्प आहे म्हणजे मेली, हे मुळातच चूक होतं. आमच्या घरात मास्तर पेपर तपासत असले की तास तास बोलत नाहीत.

अशा डोक्यानं एका रविवारी मी पेडगावला गेले. वडील आणि काका वाटण्या होऊन वेगळे राहतात, पण विहीर सामाईक, तिच्यावर दोन मोटारी. पाणी एका वेळी एकाच मोटारीपुरतं. मी लहान असताना एकदा लाइट बऱ्याच वेळानं आली, आणि मधे उभा ऊस असल्यामुळे दोघांना एकमेकांचं शेड दिसेना. दोघांनाही वाटलं, दुसरा कंटाळून घरी गेला. दोघांनी मोटारी चालू केल्या. पाणी बघता बघता तळाला गेलं, आणि दोन्ही मोटारी कोरड्या फिरून जळाल्या. त्यानंतर आमच्या घरात एक रीत पडली. ज्याची पाळी, त्यानं आधी दुसऱ्याच्या शेडमध्ये जायचं, त्याच्या मोटारीचा चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसून आपल्या खिशात टाकायचा, आणि मग आपली मोटार चालू करायची. आणि ज्यानं काढला त्यानंच बसवायचा. दुसऱ्यानं दुकानातून नवा आणून बसवणं म्हणजे भावकीत भांडणाला आमंत्रण. आमच्याकडे भावकी तुटली असती, पण ही रीत तुटली नसती.

त्या रविवारी वडील काकांच्या शेडमधून बाहेर आले आणि फ्यूज बंडीच्या खिशात टाकला. हे मी जन्मभर बघत आले होते. त्या दिवशी बघून मी बांधावरच बसले.

"काय झालं गं?" वडील म्हणाले. "चक्कर यायलीय का?"

"न्हाई," मी म्हणाले. "बाबा, काका तिकडं हाय का न्हाई, हे तुमी बघत न्हाई ना?"

"कशाला बघू? तेचा फ्यूज माझ्या खिशात हाय. ते असंना का न्हाई तर नसंना, तेची मोटार काय हलायची न्हाई."

मला इतका आनंद झाला की मी वडिलांना मिठी मारली. त्यांना अशी सवय नव्हती. ते अवघडून उसाकडे बघत राहिले.

सोमवारी इंजिनिअरला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे मेलेल्याला आधी मारायचं?"

"हो. मेलाय का जिता हाय, हे विचारतच बसायचं न्हाई. मेलाच असंल अशी तजवीज करायची, अन् मग कुलपं तोडायची."

त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग त्यानं पहारेकऱ्याला नवी शिस्त लावली. आवाज थांबला की त्यानं आपल्या मनानं काही करायचं नाही, पडद्यावर विचारायचं. आम्ही उठून जायचं, गप्प झालेल्या मशीनच्या विजेचा फ्यूज उपसायचा, हातात घ्यायचा, आणि मग दुसरीच्या पडद्यावर 'हो' लिहायचं. त्या 'हो'नंतरच डब्यानं कुलपं तोडायची. दोघींच्या पाठीमागे मी माहेरच्यासारखे पांढरे फ्यूज बसवून घेतले. आणि रीतही तीच सांगितली. ज्यानं काढला त्यानंच बसवायचा, कारण का काढला ते त्यालाच ठाऊक.

पुण्याच्या माणसाला ही रीत इतकी आवडली, की तिनंच आमचा घात केला. एका दुपारी थोरली गप्प झाली. इंजिनिअरनं झोकात उठून तिचा फ्यूज काढला, 'हो' लिहिलं, धाकटीनं काम उचललं, सगळं नामी झालं. संध्याकाळी तो एसटीनं औरंगाबादला गेला, आणि थोरलीचा फ्यूज त्याच्या शर्टाच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी बंद होता. नामांतराचा प्रश्न त्या वर्षांत अधूनमधून असा पेट घ्यायचा. माझ्या पदवीवर विद्यापीठाचं जे नाव होतं ते बदलावं की राहावं, यावर आमच्या केंद्रात जेवणाच्या सुट्टीत दोन तट होते. मी बदलावं या तटात होते आणि तावातावानं बोलायची. त्या दिवशी मात्र बंद कोणाचा होता हे कळायच्या आत एसटी आगारात उभी राहिली होती. आणि नेमका त्या दिवशी धाकटीचा पंखा अडकला, ती तापली, बंद पडली. दुष्काळात तेरावा महिना.

थोरली दिसायला ठणठणीत, पण तिला फ्यूज नाही. साहेब म्हणाले, आमच्या फाटकासमोरच इलेक्ट्रिकचं दुकान आहे, मागच्या दारानं मागितलं तर देईल, पाच मिनिटांचं काम.

मी म्हणाले, "न्हाई जमत."

"का नाही जमत?"

"ज्यानं काढला त्यानंच बसवायचा. त्यांनी का काढला, थोरलीत काय बिघाड बघितला, मला ठाऊक न्हाई."

"अहो, पान खाण्याइतक्या किमतीची वस्तू आहे."

"असंल."

साहेबांचं तोंड लाल झालं. प्रयोगशाळेचे लोक दारात गोळा झाले. मी खुर्चीत बसून राहिले, हाताची घडी घालून, आणि माझी मलाच शंका यायला लागली होती, की ही शिस्त आहे की पेडगावचा हेकटपणा. औरंगाबादचा फोन लागेपर्यंत अर्धा दिवस गेला. शेवटी इंजिनिअर फोनवर आला. थोरलीला काही झालेलं नव्हतं, ती नुसती कामात गुंतून गप्प झाली होती. "अहो मॅडम, बसवा की दुसरा," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. "माझ्यासाठी थांबलात?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, तुमच्यासाठी नाही, फ्यूजसाठी. त्याचा शब्द मिळाल्यावर मी स्वतः दुकानात गेले, फ्यूज आणला आणि बसवला.

साहेबांनी मला नंतर खोलीत बोलावून झाडलं ते झाडलं. पण इंजिनिअर दोन दिवसांनी आला तो फ्यूज टेबलावर ठेवून म्हणाला, "तुमचा नियम बरोबर आहे, माणसाचा खिसा चूक आहे." मलाही तेच वाटत होतं. आमच्या काकांनीसुद्धा एकदा वडिलांचा फ्यूज खिशात घालून पोखर्णीला लग्न गाठलं होतं आणि वडिलांचा भुईमूग वाळत ठेवला होता. फ्यूज काढायचं काम माणसाकडे नको, मशीनकडेच हवं.

मोटारी दुरुस्त करणारे एक मिस्त्री स्टेशनच्या रस्त्यावर बसायचे. त्यांना मी समजावलं, की आम्हाला असा डबा पाहिजे, की एका मशीननं सांगितलं की दुसरीची वीज तुटली पाहिजे, आणि तुटली हे पहिलीला परत कळलं पाहिजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करके देता ना बाई, फिकर नक्को करो. पन ये दोनो का झगडा क्या है?" मी म्हणाले, झगडा नाही, झगडा होऊ नये म्हणून. त्यांनी मोटारीच्या स्टार्टरचेच भाग वापरून दोन डबे करून दिले. वीज तोडताना ते खट्ट असा खणखणीत आवाज करायचे. तो मला फार आवडायचा.

आता इंजिनिअरनं आणि मी बसून क्रम लावला. पहारेकऱ्याला शंका आली की आधी मिस्त्रींच्या डब्याला सांगायचं. वीज तुटली, अशी पोच आली तरच सामाईक डब्याकडे निरोप धाडायचा. मग डब्यानं मेलेलीची कुलपं काढायची, तिचं अर्धवट राहिलेलं लिखाण तपासून पुरं करायचं किंवा पुसायचं, आणि त्यानंतरच दुसरीला दार उघडायचं. पोच आली नाही तर जागचं हलायचं नाही, मी त्या दिवशी हाताची घडी घालून बसले होते तसं. ती दोन परकी सॉफ्टवेअर पहिल्यांदा एकमेकांशी बोलायला लागली, आणि तेही कामापुरतं. इंजिनिअर प्रोग्राम लिहायचा, मी त्यात खोड्या काढायची.

पहिल्या चाचणीला आम्ही तार काढली. खट्ट. खट्ट. आणि खोलीत एकदम शांतता. दोघींनी एकाच क्षणी एकमेकींची वीज तोडली होती. इंजिनिअरनं आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि इतके हसलो, की साहेब काय झालं म्हणून धावत आले. त्यांनी दोन्ही काळे पडदे बघितले. "हसताय कशाला?" ते म्हणाले. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

त्याला उपाय सोपा निघाला. थोरलीनं लगेच तोडायचं, धाकटीनं जरा दम धरायचा. दोघी जिवंत असल्या तर थोरलीचंच चालेल. थोरली खरंच गेली असेल तर धाकटी दम धरून मग तिची जागा घेईल. मिस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले, हे तर प्रत्येक घरात असतंच. मी थोरल्या घरची धाकटी सून, मला हे पटायला जड गेलं, पण चाललं मात्र छान.

मोठे साहेब आले तेव्हा आवार भरलेलं होतं. मी मुद्दामच तो दिवस निवडायला लावला होता. गर्दीत चालेल तरच खरं. मोठे साहेब उंच, कमी बोलणारे. त्यांनी कोणाला न विचारता वाकून ती तार स्वतः उपटली. खट्ट झालं. धाकटी विझली, थोरलीची छपाई थांबलीसुद्धा नाही. त्यांनी तार परत लावून धाकटीला उठवायला सांगितलं. ती सावरल्यावर त्यांनी थोरलीचं बटण दाबून तिला बंद केलं. छपाई थांबली. मी पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं. डबा पुन्हा वाजला, थोड्या वेळानं धाकटीनं काम उचललं, आणि प्रिंटर पुढच्या लेबलापासून कुरकुरायला लागला. खिडकीतला शेतकरी तंबाखू मळत म्हणाला, "बाई, मधी कशाला थांबलाव? आमचं व्हायलंय का?" त्याला यातलं काहीही कळलं नव्हतं. मला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

मोठ्या साहेबांनी लेबल हातात घेऊन वाचलं. मूग होता, आणि मूगच लिहिलं होतं. ते म्हणाले, "मशिनी इथेच राहतील." आमच्या साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग मोठे साहेब म्हणाले, "औरंगाबादला यापेक्षा मोठी जोडी येते आहे, नंतर आणखी दोन जिल्ह्यांत. ती अशी बसवून कोण देणार?" इंजिनिअरनं माझ्याकडे बोट केलं. "मी प्रोग्राम लिहीन साहेब, पण हे डोकं त्यांचं आहे."

मी तोंड उघडायच्या आत आमचे साहेब प्रेमानं म्हणाले, "नाही नाही, त्यांना परभणी सोडायची नाही. वर्षभर तेच सांगतायत."

मला संताप आला. माझंच वाक्य होतं, एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता, तरी संताप आला. मी म्हणाले, विचार करून सांगते. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, आणि सर्वांत जास्त मला.

घरी चालत गेले. वर्षभर जे मागितलं ते पदरात पडलं होतं, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी उदास वाटत होतं. उद्या सकाळी केंद्रात जाऊन मी करणार काय? दोघी आपापल्या चालतील. मी त्यांच्याकडे बघत बसेन, डबा खाईन, घरी येईन. आणि तिकडे नवी जोडी येणार, नवा घोळ होणार, दोन परक्या सॉफ्टवेअरची गाठ कोणीतरी दुसरा मारणार, आणि चुकीची मारणार. माझे हात शिवशिवत होते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बाजारात भाजीच्या गाड्यापाशी उभी होते, आणि मेथी घ्यायची विसरले होते.

मास्तर पिठलं ढवळत होते. मुलगी पाटीवर गिरवत होती. मी सगळं सांगितलं.

"बरं झालं की," मास्तर म्हणाले. "तुझ्या मनासारखं झालं."

मी ताट आपटलं. त्यांनी विस्तव बारीक केला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुला जायचंय," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले, आणि रडायला लागले. "पण पोरीला मी काय सांगितलंय वर्षभर? तिच्यासाठीच तर सगळं केलं."

मुलीनं पाटीवरून मान वर केली. तिला रडणाऱ्या आईची सवय नव्हती, चिडणाऱ्या आईची होती. ती थोडी घाबरून जवळ आली. "आई, मशीन पुन्हा बंद पडली?"

"न्हाई गं. आता न्हाई पडत. आता ती आपली आपण चालती."

तिनं जरा विचार केला.

"मग तू कशाला थांबायलीस?" ती म्हणाली.